एक भिंत, आठ फलक आणि एक रिकामी चौकट

९ जून
आमच्या वाचनालयाच्या कार्यकारिणीची बैठक झाली. नऊपैकी चार जण आले, त्यातले दोघे चहापुरतेच. विषय एकच होता. १३ ऑगस्टला बालकवींची जयंती. त्यांचं जन्मगाव धरणगाव आपल्यापासून हाकेच्या अंतरावर, आणि आपण दरवर्षी फोटोला हार घालून, मुलांकडून ‘श्रावणमासी’ म्हणून घेऊन पेढे वाटून मोकळे होतो. या वर्षी भिंतीवर प्रदर्शन लावायचं ठरलं. भिंत उत्तरेकडची, साडेचौदा फूट. तिथे पूर्वी वर्तमानपत्रांचा स्टँड होता, त्यामागची ओल अजून दिसते.

खर्चाला मंजुरी रुपये ५,०००. ‘ड’ वर्गाच्या, म्हणजे सरकारी वर्गवारीत सगळ्यात खालच्या वाचनालयाने एका भिंतीवर पाच हजार घालायचे म्हणजे कार्यकारिणीतल्या अण्णांच्या छातीत धस्स झालंच असणार, पण त्यांनी सही केली.

विषय मी सुचवला. बालकवींचं चरित्र पाठ्यपुस्तकात आहेच. त्यापेक्षा त्यांना हात कोणी दिला, ते लावू. सोळा-सतरा वर्षांच्या एका पोराला नाव झालेल्या माणसांनी आपल्या पंगतीत कसं बसवून घेतलं, ते. अण्णा म्हणाले, “म्हणजे देणगीदार?” मी म्हटलं, “तसंच काहीसं.” इथेच चूक झाली. ती पुढे महागात पडली.

१२ जून
कच्ची यादी केली.

कर्नल डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. १९०७ साली जळगावला पहिलं महाराष्ट्र कविसंमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष. त्र्यंबक बापूजी ठोमरे नावाच्या मुलाची कविता ऐकून त्यांनी त्याला ‘बालकवी’ म्हटलं. कीर्तिकर लष्करातले डॉक्टर आणि औषधी वनस्पतींचे मोठे अभ्यासक होते. फुलराणीच्या कवीला नाव मिळालं ते झाडापाल्याच्या जाणकाराकडून, याची मला फार मौज वाटते. फलकावर हे येईलच.

नारायण नरसिंह फडणीस. जळगावातून १८८७ पासून ‘काव्यरत्नावली’ काढत होते. फक्त कवितेला वाहिलेलं मासिक, तेही मुंबई-पुण्याबाहेर. केशवसुत, विनायक, रेव्हरंड टिळक यांच्या कविता त्यात आल्या.

रेव्हरंड नारायण वामन टिळक. तेव्हाचे नावाजलेले कवी. संमेलनानंतर ठोमऱ्यांना त्यांनी अहमदनगरला आपल्या घरी नेलं.

तीन नावं, आठ फलक. बाकीचे पाच कशाने भरायचे?

१६ जून
पहिल्या गाडीने जिल्ह्याच्या मोठ्या ग्रंथालयात गेले. आमच्याकडे २,९०० पुस्तकं. त्यांच्या नुसत्या संदर्भ विभागात याहून जास्त असावीत. पत्र घेऊन गेले होते, पण तिथल्या ग्रंथपालबाईंनी ते न वाचताच बाजूला ठेवलं. “पत्र फायलीला लागेल. तुम्हाला काय लागेल ते बोला.”

बोलले. त्यांनी माझी यादी पाहिली आणि विचारलं, “लक्ष्मीबाई कुठे आहेत?”

मी म्हटलं, टिळकांच्या फलकातच एक ओळ टाकणार आहे.

“एक ओळ?” असं म्हणून त्या उठल्या. परत आल्या तेव्हा हातात ‘स्मृतिचित्रे’, लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र होतं. “टिळकांनी मुलाला घरी आणलं. आणल्यावर त्याला जेवायला कोणी घातलं? वाचून या, मग फलक करा.”

दुपारी दोन वाजेपर्यंत तिथेच होते. जेवणाच्या सुट्टीत बाईंनी डब्यातली अर्धी भाकरी आणि ठेचा माझ्यापुढे सरकवला आणि बोलणं चालूच ठेवलं.

जुन्या मासिकांचे अंकही पाहायला मिळाले. पान उलटताना कडेचा चुरा पडतो. झेरॉक्सवर दाबायला त्यांनी साफ नकार दिला. फोटो काढू दिले, तेही खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता.

१९ जून
‘स्मृतिचित्रे’तला ठोमऱ्यांचा भाग दोनदा वाचला. कॉलेजात असताना वाचला होता तेव्हा हसू आलं होतं. आता स्वतःचं घर चालवून पंचवीस वर्षं झाल्यावर तोच मजकूर वेगळाच लागला. हळवा, लहरी, क्षणात रुसणारा मुलगा. कवी म्हणून तो सगळ्यांना हवा. पण रुसून बसलेल्या कवीची समजूत घालायला व्यासपीठावरचे अध्यक्ष येत नाहीत. ती घरातल्या बाईनेच घालायची. आणि ही बाई काही रिकामी नव्हती. नवऱ्याच्या धर्मांतरानंतरचे ताटातुटीचे दिवस सोसून पुन्हा उभा केलेला तिचा संसार, त्यात येणाजाणाऱ्यांचा राबता. त्यात हा आणखी एक.

कीर्तिकरांनी दिलं ते एका संध्याकाळचं. ते मोठंच होतं, पण खर्च एका शब्दाचा. लक्ष्मीबाईंनी दिलं ते रोजचं. फलकांची मापं बदलते. लक्ष्मीबाईंना पूर्ण फलक. कीर्तिकरांना अर्धा.

(अण्णांना अजून सांगितलेलं नाही.)

२४ जून
फडणिसांच्या फलकाचा मजकूर तीनदा लिहून खोडला. ‘त्यांनी नवोदितांना व्यासपीठ दिले’ हे वाक्य लिहिलं आणि स्वतःचीच लाज वाटली. असली वाक्यं आमच्या प्रत्येक वार्षिक अहवालात असतात.

मग सासऱ्यांना विचारलं. ते तरुणपणी छापखान्यात जुळारी होते, खिळे जुळवायचे. म्हणाले, “गद्याचं पान भरतं. कवितेचं भरत नाही. ओळ अर्ध्यात संपते, पण उरलेली जागा रिकामी सोडता येत नाही. तिथे शिशाचे कोरे तुकडे बसवावे लागतात, नाहीतर सगळं पान सैल होऊन सांडतं. मेहनत तेवढीच, कागद तेवढाच, अक्षरं निम्मी.”

त्या काळी मासिकात कविता छापणं म्हणजे काय, ते आता कळलं. वर्गणीदाराच्या पैशातला एक कोरा-कोरा कागद, आणि त्याच्या मधोमध कोणा अनोळखी मास्तराच्या किंवा पोराच्या चार ओळी. असं एकदा-दोनदा नव्हे. ‘काव्यरत्नावली’ १९३५पर्यंत चाललं, म्हणजे अठ्ठेचाळीस वर्षं. फलकावर मी हाच हिशेब मांडणार आहे, विशेषणं नाहीत.

फोनवर हे वाचून दाखवलं तेव्हा ग्रंथपालबाई म्हणाल्या, “चांगलं आहे. पण फडणिसांना संत करू नका. मासिक चालवणाऱ्याला दर महिन्याला मजकूर लागतोच.” खरं आहे. पण मजकूर लागतो तेव्हा ओळखीच्या नावाकडे हात जाणं सोपं असतं. हे मी त्यांना म्हटलं नाही. त्यांच्याशी वाद घालायला अजून धीर होत नाही.

३० जून
केशवसुतांचा फलक ठरला. फडणिसांशेजारी तोच हवा. केशवसुत काही वर्षं आपल्याच खानदेशात, फैजपूरला मास्तर होते. १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले, तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. हयातीत संग्रह नाही. विखुरलेल्या कविता गोळा करून त्यांचं पुस्तक काढलं हरिभाऊ आपट्यांनी. हरिभाऊ तेव्हा मराठीतले सर्वांत मोठे कादंबरीकार. त्यांना यातून मिळायचं काय होतं? गेलेला कवी साधी आभाराची चिठ्ठीही पाठवू शकत नाही.

५ जुलै
डीटीपीवाल्याकडून पहिला नमुना आला. दोन घोळ.

एक, मी मजकूर युनिकोडमध्ये दिला होता, त्याने तो आपल्या जुन्या फॉन्टात ओढला, आणि सगळी जोडाक्षरं फुटली. ‘त्र्यंबक’चं जे झालं ते इथे लिहिता येण्यासारखं नाही. रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसला.

दोन, केशवसुतांच्या फलकावर एका फेटेवाल्या गृहस्थांचा रुबाबदार फोटो. मी विचारलं, हे कोण? म्हणाला, “नेटवर मिळाले, केशवसुतच आहेत.” केशवसुतांचं छायाचित्रच नाही. मिळालेलंच नाही कोणाला. हे त्याला पटेना. “एवढ्या मोठ्या माणसाचा फोटो नाही, असं कसं?” शेवटी म्हणाला, “मग चौकट काढून टाकू?”

मी म्हटलं, नको, राहू दे. रिकामीच राहू दे. खाली एवढंच लिही: केशवसुतांचे छायाचित्र उपलब्ध नाही.

८ जुलै
असोद्याला जाऊन आले. बहिणाबाईंशिवाय हे प्रदर्शन पुरं होणार नाही, हे पहिल्या दिवसापासून डोक्यात होतं. पण नातं कसं जोडायचं ते सुचत नव्हतं. बालकवी आणि बहिणाबाई यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. दोघं एकाच मातीतली, एवढंच. बहिणाबाई वयाने दहा वर्षांनी मोठ्या, आणि बालकवी गेल्यावर तेहतीस वर्षं जगल्या.

जोडणारा धागा हात देणाऱ्यांचाच. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात त्या गात, आणि सोपानदेव व त्यांचे मावसभाऊ ते उतरून घेत. १९५१च्या डिसेंबरात आई गेल्यावर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे ‘बावनकशी सोनं’ म्हणाले, हे खेड्यातलं पोरही सांगतं. पण अत्रे नुसतं म्हणून थांबले नाहीत. १९५२ला पुस्तक निघालं, त्याला त्यांनी प्रस्तावना लिहिली. नाटक, सिनेमा, ‘नवयुग’, सभा यांत बुडालेल्या माणसाने एका अनोळखी शेतकरी बाईसाठी आपलं नाव पणाला लावलं.

परतताना बसमध्ये मात्र अत्र्यांपेक्षा सोपानदेवच मनात राहिले. ते स्वतः कवी, नाव असलेले. आपल्या कवितेपेक्षा आईची कविता मोठी आहे, हे कवीला कळलं असेल तेव्हा कसं वाटलं असेल? आज बहुतेकांना ते ‘बहिणाबाईंचे चिरंजीव’ म्हणूनच माहीत आहेत. वही पेटीतच ठेवली असती तर तसं झालं नसतं.

सातव्या फलकावर वरचं नाव सोपानदेवांचं, खालचं अत्र्यांचं.

१४ जुलै
अण्णांनी आठवा फलक मागितला. देणगीदारांसाठी. मी पहिल्या बैठकीत “तसंच काहीसं” म्हटलं होतं, ते त्यांनी पक्कं धरलं होतं. पाचशे रुपये देणारे पाच जण तयार आहेत, पण प्रत्येकाला फोटो हवा, तोही रंगीत. मी हिशेब केला: पाच फोटो बसवले तर ते लक्ष्मीबाईंच्या फोटोपेक्षा मोठे होतात.

वाद झाला. अण्णा वाईट माणूस नव्हेत. गेली अठरा वर्षं वाचनालयाचं वीजबिल कमी पडलं की स्वतःच्या खिशातून भरतात आणि कुठे लिहू देत नाहीत. हेच मी त्यांना ऐकवलं. ते गप्प झाले, मग म्हणाले, “माझं वेगळं. त्यांना फोटो दिला नाही तर ते देणार नाहीत.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

तडजोड: देणगीदारांची नावं दाराबाहेरच्या फ्लेक्सवर, फोटोसह. आतल्या भिंतीवर नाही.

१७ जुलै
मोठ्या ग्रंथालयातून पार्सल आलं. मी पाठवलेले सातही मजकूर, लाल शाईने भरलेले. ‘आशिर्वाद’चं ‘आशीर्वाद’. ‘सुप्रसिद्ध’ सात ठिकाणी, सातही ठिकाणी काट. कीर्तिकरांच्या फलकाशेजारी बाईंनी समासात लिहिलंय: “पदवीचा दुसरा अंगही पाहा. हा मुलगा सत्तावीस वर्षांचा असताना गेला. तोवर बालकवीच राहिला, आणि आज शंभराहून जास्त वर्षांनी आजोबाही त्याला बालकवीच म्हणतात. दिलेलं नाव कधी कधी अंगाला घट्ट होतं.”

‘दुसरा अंग’ नाही, ‘दुसरं अंग’. चूक सापडल्याचा मला अवघा दिवस आनंद पुरला.

मुद्दा मात्र बिनतोड होता. ‘औदुंबर’सारखी आठ ओळींची कविता लिहिणाऱ्याला बाल म्हणायचं? फलकात तसं एक वाक्य घातलं.

पार्सलात आणखी एक कागद: त्यांच्याकडच्या जादा प्रतींची यादी, ४३ पुस्तकं. “तुमच्या समितीचा ठराव आणि मागणीपत्र पाठवा, आमच्या समितीत मी मांडते. भेट म्हणून देता येत नाही, रीतसरच द्यावं लागतं.” वर्षाला आम्ही जेमतेम साठ पुस्तकं घेतो.

२२ जुलै
मोठ्यांनी लहानांना मदत केली की लहान माणूस आयुष्यभर ओझ्याखाली वाकतो, असा माझा समज. माहेरी एका नातलगाने माझी फी भरली होती, त्याची आठवण तो दर लग्नात करून द्यायचा. त्यामुळे बाईंना आज फोन करून म्हटलं, आम्ही तुमच्यासाठी काय करू?

मला वाटलं, “काही नको” म्हणतील. म्हणाल्या, “तुमच्याकडे त्या ओव्यांची वही आहे ना? गावातल्या बायकांकडून उतरवलेली? तुम्ही पहिल्या दिवशी बोलता बोलता म्हणालात. तिची प्रत द्या. आमच्याकडे असलं काही नाही.”

ती वही मी तीन वर्षांपूर्वी केली. शंभराच्या वर ओव्या, चार आज्यांच्या. त्यातल्या दोघी आता नाहीत. कपाटात, फिनेलच्या बाटलीमागे होती.

२८ जुलै
प्रत दिली. बाईंनी माझ्यासमोर दाखल नोंदवही उघडली आणि ‘कोणाकडून’ या रकान्यात आमच्या वाचनालयाचं नाव लिहिलं, गाव, तालुका, जिल्हा यांसकट. शिक्का मारला. शेरा: ‘मौखिक. दुर्मीळ.’

बसमध्ये बसल्यावर थोडं रडू आलं. कारण सांगता येणार नाही.

२ ऑगस्ट
ओल. आठ दिवसांच्या पावसाने भिंतीला पुन्हा पोपडे आले. दुहेरी टेपवर सनबोर्ड टिकणार नाही. वरून दोरी, खाली पट्ट्या, असं टांगायचं ठरलं. सुताराने पट्ट्या फुकट कापून दिल्या. फ्लेक्सवर नाव टाकू का विचारलं तर म्हणाला, “मन्हं नाव कशाले?”

काचेचं कपाट मोठ्या ग्रंथालयाने वापरायला दिलं, टेम्पो आपला. त्यात ‘स्मृतिचित्रे’, सासऱ्यांनी जपलेले अकरा खिळे, शिशाचे कोरे तुकडे आणि बहिणाबाईंची गाणी.

९ ऑगस्ट
भादली स्टेशनवर गेले. फलकासाठी एक फोटो हवा होता. जळगावहून भुसावळकडे निघालं की पुढचंच स्टेशन. ५ मे १९१८ रोजी इथे ठोमऱ्यांना रेल्वेचा अपघात झाला. पाऊस होता, फलाटावर तीन माणसं आणि एक शेळी. फोटो काढला, पण लावणार नाही. हे प्रदर्शन हात देणाऱ्यांचं आहे.

त्याऐवजी टिळकांच्या फलकात एक ओळ वाढवली: आपण घरी आणलेला मुलगा गेल्याचं त्यांना पाहावं लागलं, आणि वर्षाने, ९ मे १९१९ला, तेही गेले.

१३ ऑगस्ट
झालं. दिवसभरात वहीत १८७ सह्या. शाळेची पोरं दोन रांगांत आली. सगळ्यात जास्त वेळ लोक थांबले ते रिकाम्या चौकटीपाशी. एका आजोबांनी चष्मा काढून, पुसून, परत लावून पाहिलं. एका मुलीने तिच्या काचेत आपला चेहरा दिसतो म्हणून केस नीट केले.

लक्ष्मीबाईंच्या फलकापुढे बायका थांबत होत्या. “हिनं केलं तेवढं सगळं?” एक म्हणाली, दुसरी म्हणाली, “कोणीतरी करायलाच लागतं ना बाई.”

बाई आल्या होत्या. भाषणाला उभ्या राहिल्या नाहीत. अण्णांनी नारळ दिला, तो त्यांनी पिशवीत टाकला आणि मला बाजूला घेऊन विचारलं, “चौथ्या फलकात ‘निर्मिति’ ऱ्हस्व का आहे?”

दाराबाहेरचा फ्लेक्स पावसाने सकाळी दहालाच गळून पडला. अण्णांनी स्वतः सुतळीने पुन्हा बांधला. आतलं प्रदर्शन त्यांनी संध्याकाळी, सगळे गेल्यावर, एकट्याने पाहिलं. मी मुद्दाम लांब थांबले.

१९ ऑगस्ट
फलक उतरवले. सहा नीट, दोन ओलीने फुगले. ते शाळेला हवे आहेत, तशाच अवस्थेत.

४३ पुस्तकांचा त्यांच्या समितीचा ठराव झाला, आणायला २६ तारखेला जायचं. पुठ्ठ्याची खोकी किराणावाल्याकडे सांगून ठेवली.

खर्च: छपाई २,६४०, टेम्पो जाऊन-येऊन १,४००, दोरी-खिळे-टेप २३५, चहा ३८०. एकूण ४,६५५. शिल्लक ३४५ जमा.

काचेचं कपाट आज परत गेलं. किल्ली माझ्याच पर्समध्ये राहिली, हे रात्री कळलं. बाईंना फोन केला. म्हणाल्या, “राहू द्या, दुसरी आहे. सव्वीसला आणा, आणि ओव्या सांगणाऱ्या ज्या दोन आज्या आहेत ना, त्यांना विचारून ठेवा, मी कधी येऊ ते.”